फिशटँकच्या पीव्हीसी पाइपांची गळती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘थोडंसंच गळतंय, पण…’ अशी सुरुवात असलेले जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कडक पीव्हीसी पाइपांसाठी आहेत, म्हणजे जे सॉल्व्हंट सिमेंट लावून जोडतात ते. रोजच्या बोलण्यात त्याला सोल्युशन म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द ठेवला आहे. पाणी आत्ता या क्षणी जमिनीवर येत असेल तर आधी प्रश्न २ वाचा, बाकीचं नंतर.

१. जोडाखाली ओल असते, पण थेंब पडताना कधी दिसत नाही. ही गळतीच आहे का?

टाकीचं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड असेल तर पाइपला घाम येतो. चिलर लावलेल्या टाक्यांवर हे हमखास होतं. घाम पाइपभर सारखा येतो. गळती एका ठिकाणाहून सुरू होते. जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि फिटिंगच्या (पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या) ओठावर, जिथे पाइप आत शिरतो तिथे, टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. पट्टी एका बिंदूपासून भिजत गेली तर गळती, सगळीकडून दमट झाली तर घाम.

पाणी पाइपच्या पोटावरून घरंगळत जातं आणि सगळ्यात खालच्या एल्बोवरून, म्हणजे काटकोनी वळणाच्या फिटिंगवरून, ठिबकतं. बिचाऱ्या एल्बोचा काही दोष नसतो. म्हणून शोध नेहमी वरच्या जोडापासून सुरू करा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे काम सोपं जातं, कारण पाझर जिथे असतो तिथे मिठाची पांढरी खपली जमते. ती खरवडा, पुसा आणि दोन दिवसांनी परत बघा.

२. रात्रीची वेळ आहे, जोड धो धो गळतोय, हाताशी काहीच नाही. आधी काय करू?

आधी वीज. ओल्या हाताने प्लग काढू नका, मेन स्विचवरून बंद करा. मग रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधून (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतून) पाणी वर चढवणारा पंप, बंद राहील आणि बहुतेक टाक्यांत वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत, म्हणजे जिथून ते सम्पमध्ये ओसंडतं तिथपर्यंत, उतरून थांबेल. गळती त्या पातळीच्या वर किंवा पंपापासून वर जाणाऱ्या पाइपवर असेल तर ती इथेच थांबते. सम्पमध्ये उतरलेलं पाणी मावेल का, तेवढं बघा.

हीटर बंद करायला विसरू नका. तो पाण्याबाहेर तापलेला राहिला तर काच तडकते, आणि तापलेल्या हीटरवर पाणी परत चढलं तरी तडकते. बंद केल्यावर पंधरा मिनिटं पाण्यातच निवू द्या.

गळती ओव्हरफ्लोच्या पातळीखाली असेल, म्हणजे टाकीच्या तळाच्या किंवा मागच्या बाजूच्या छिद्राखाली, तर पाणी आपोआप थांबणार नाही. बल्कहेडच्या (काचेच्या छिद्रात नटाने बसवलेल्या फिटिंगच्या) आतल्या बाजूला चिकटवायचं सॉकेट, म्हणजे पाइप शिरायचं तोंड, असेल तर त्यात त्याच मापाचा उभा पाइप न चिकटवता घट्ट दाबून बसवा, वरचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर येईल एवढा लांब. थोडा पाझर राहील, पण धार थांबेल. असा एक तुकडा कापून टाकीखाली ठेवून द्यावा. त्याच्याइतका स्वस्त विमा नाही.

३. गळणाऱ्या जोडावर बाहेरून आणखी सोल्युशन चोपडलं तर चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि उत्तर कोणालाच आवडत नाही.

सोल्युशन हा फेविकॉलसारखा दोन पृष्ठभागांत थर होऊन बसणारा गोंद नव्हे. त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्सानोन, मिथाइल इथाइल कीटोन असे द्रावक असतात. ते पाइपचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला थर मऊ करतात, दोन्ही थर दाबाखाली एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि उरतं ते एकसंध प्लॅस्टिक. हे घडायला दोन गोष्टी लागतात : ओला थर आणि घट्ट बसणं. घट्ट बसावं म्हणून फिटिंगचं सॉकेट आतल्या बाजूला किंचित निमुळतं केलेलं असतं.

आता गळणारा जोड डोळ्यांसमोर आणा. आत कुठेतरी कोरडा राहिलेला चट्टा आहे आणि त्यातून केसाएवढी वाट तोंडापर्यंत आली आहे. तुम्ही तोंडावर सोल्युशन लावता. तिथे दाब नाही, मिसळायला दुसरा थर नाही, शिवाय वाटेत पाणी आहे. वरवर पातळ साल तयार होते. ती काही दिवस टिकते, मग एका कडेने उचलते. चिकटवलेला जोड दुरुस्त होत नसतो; तो कापून टाकून नवा करावा लागतो. एक कपलर (दोन पाइप सरळ जोडणारा तुकडा), एक वीतभर पाइप आणि अर्धा तास, एवढंच काम असतं. लोक त्याऐवजी महिनाभर बादली ठेवतात.

४. मग इपॉक्सी पुट्टी, सिलिकॉन, टेप यांचा काहीच उपयोग नाही का?

वेळ काढायला आहे. टाकीच्या पाइपांत दाब फारच कमी असतो : एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ०.१ बार. त्यामुळे तात्पुरते उपाय इथे अपेक्षेपेक्षा बरे टिकतात, आणि तिथेच फसगत होते.

यांतली मला पटणारी गोष्ट म्हणजे स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची ताणायची टेप. पाइप कोरडा करून ती दुप्पट-तिप्पट ताणत, अर्धी-अर्धी वर चढवत गुंडाळायची. दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी तडे गेलेल्या फिटिंगवर चालते, फक्त आधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि ती पाण्याच्या टाक्यांसाठी सुरक्षित असल्याचं पाकिटावर लिहिलेलं बघून घ्या. धातूचा चुरा घातलेली पुट्टी प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या टाकीजवळ आणू नका; तांबं त्यांना थोडंसुद्धा सोसत नाही.

सिलिकॉन सीलंट काचेला जसं धरतं तसं पीव्हीसीला धरत नाही. नखाने सोलून निघतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर सोल्युशन घेत नाही, म्हणजे खरी दुरुस्ती करायच्या दिवशी पाइपचा तो भागही फेकावा लागतो.

५. जोड कापायचा कुठून? जवळच दुसरं फिटिंग असेल तर?

गळक्या फिटिंगच्या दोन्ही बाजूंना नव्या कपलरसाठी पुरेसा सरळ, गुळगुळीत पाइप उरेल अशा जागी कापा. पुरेसा म्हणजे नव्या सॉकेटच्या खोलीएवढा. तो पूर्ण आत जायला हवा. कापण्याआधी मोकळ्या पाइपवर कपलर धरून पेन्सिलने खूण करा.

दोन्ही टोकं पक्की असतील, पाइप बाजूला सरकवताच येत नसेल, तर साधा कपलर बसणार नाही, कारण त्याच्या मध्ये पाइप अडवणारा थांबा असतो. अशा ठिकाणी आत थांबा नसलेला स्लिप कपलर घ्या : तो आधी पूर्ण एका पाइपवर सरकवायचा, मग दोन्ही टोकांना सोल्युशन लावून मागे आणायचा. हात चपळ हवा. माझं मत विचाराल तर त्या जागी युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, टाका. पुढच्या वेळी करवतच लागणार नाही. युनियनची माहिती प्रश्न १२ मध्ये आहे.

६. चिकटवायची नीट पद्धत एकदा सांगा.

काप काटकोनात हवा. हॅक्सॉने कापलंत तर पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने कापा. आतली कुसळं चाकूने काढा आणि बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करा. ही उतार देण्याची गोष्ट सगळे वगळतात. धारदार कड सॉकेटमध्ये शिरताना पुढचं सोल्युशन खरवडून तळाशी ढकलते आणि मागे कोरडा चट्टा सोडते. प्रश्न ३ मधली ती केसाएवढी वाट अशीच तयार होते.

मग कोरडं बसवून बघा. हाताने दाबल्यावर पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन घट्ट व्हायला हवा. सैल डुगडुगत तळाशी गेला तर माप चुकलंय, प्रश्न १४ बघा. सॉकेटची खोली मोजून पाइपवर तेवढ्या अंतरावर खूण करा. एल्बो असेल तर दिशेचीही एक रेघ पाइप आणि फिटिंग दोन्हींवर मारा, कारण सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

प्रायमर (सोल्युशनच्या आधी प्लॅस्टिक मऊ करणारं द्रव) असेल तर दोन्हीकडे लावा. तो ओला असतानाच सोल्युशन : पाइपवर भरपूर, सॉकेटमध्ये बेताचं, पुन्हा पाइपवर एक हात. सॉकेटमध्ये ओतू नका. आत साचलेलं सोल्युशन प्लॅस्टिक मऊ करत राहतं. लगेच पाइप आत घाला, जाताजाता पाव वळसा द्या, तळाला टेकला की वळवणं बंद. आणि आता तीस सेकंद दाबून धरा. निमुळतं सॉकेट पाइपला बाहेर ढकलतं. हात सोडला की पाइप दोन-तीन मिलिमीटर मागे येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मघाशी केलेली खूण फिटिंगच्या ओठाशी दिसली तर ठीक. ओठापासून लांब दिसली तर तो जोड गळणार.

तोंडाभोवती सोल्युशनचा अखंड गोल कडा उमटलेला दिसतो. तो कुठे तुटलेला असेल तर तिथे सोल्युशन कमी पडलंय. जास्तीचं फडक्याने टिपून घ्या.

७. किती वेळाने पाणी सोडू?

डब्यावर तक्ता असतो, तो पाइपच्या मापावर आणि तापमानावर अवलंबून असतो. लहान पाइप ऊबदार हवेत काही मिनिटांत पकडतो आणि पंधरा-वीस मिनिटांत हाताळता येतो. पण हाताळता येणं आणि पूर्ण वाळणं वेगळं. घाई नसेल तर चोवीस तास द्या. हवा दमट असेल तर तक्त्यातल्या वेळेच्या दीडपट धरा, थंडी असेल तर आणखी. मासे वाट बघू शकत नसतील तर प्रश्न १० मधली सोय करा आणि जोडाला त्याचा वेळ द्या.

८. पाइप कोरडाच होत नाही. पुसला की वरून परत थेंब येतो.

वर कुठेतरी पाणी अडकलेलं असतं. पाइप एकदा हलवून, फुंकून रिकामा करा, टाकीची पातळी बल्कहेडच्या खाली आणा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून वरचं टोक मोकळं करा. नळकामात पाइपमध्ये ब्रेडचा गोळा कोंबून थेंब अडवायची जुनी युक्ती आहे. टाकीच्या पाइपात ती करू नका. तो ब्रेड शेवटी सम्पमध्येच कुजतो. ओल्या पाइपवर चालणारं सोल्युशनही मिळतं, पण तेही दमट पृष्ठभागासाठी असतं, वाहत्या पाण्यासाठी नाही.

९. हे सोल्युशन माशांना विषारी नाही का?

वाळलेला जोड नाही. पिण्याच्या पाण्याच्या लाइनी याच पद्धतीने जोडतात. द्रावक उडून गेले की मागे पीव्हीसीच राहतं. पहिल्यांदा पाणी सोडताना पाइप एकदा धुऊन ते पाणी फेकून द्या, एवढं पुरे. ओलं सोल्युशन मात्र पाण्यात एक थेंबही जाऊ देऊ नका, आणि ॲक्रिलिकच्या टाकीवर तर सांडूच नका. काचेवरचा थेंब ब्लेडने निघतो, ॲक्रिलिकवरचा कायमचा डाग पाडतो.

वाफेचा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही टाकीखाली वाकून जोड चिकटवता आणि तिथेच शेजारी एअर पंप चालू असतो. तो खोलीतली हवा ओढतो आणि सरळ पाण्यात सोडतो. प्रोटीन स्किमरही (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) तेच करतो. तेवढा वेळ एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी लावा, स्किमर बंद करा, खिडक्या उघडा. वाफ लगेच पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको.

१०. काम चालू असताना मासे आणि फिल्टरचं काय?

माशांना पाण्यापेक्षा आधी प्राणवायू कमी पडतो. एअर पंप आणि त्याचा हवेचा दगड (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा, खाणं त्या दिवशी देऊ नका. पातळी खाली आणावी लागली तर काढलेलं पाणी स्वच्छ बादल्यांत ठेवून तेच परत भरा.

फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र बंद डब्यात तग धरत नाहीत. कॅनिस्टर (बंद डब्यासारखा फिल्टर) काही तास थांबला की आतला प्राणवायू संपतो आणि ते मरू लागतात; मग पंप सुरू करताच आतलं कुजकं पाणी थेट टाकीत जातं. मीडिया, म्हणजे जिवाणू ज्यावर राहतात तो फिल्टरमधला भराव, काढून टाकीच्याच पाण्यात, हवेच्या दगडाशेजारी ठेवा.

११. बल्कहेडला फिटिंग थेट चिकटवलंय, मध्ये कापायला पाइपच नाही. आता?

चांगला आणि कंटाळवाणा उपाय : टाकी बल्कहेडच्या खालपर्यंत रिकामी करून बल्कहेडच बदला. काचेला चिकटलेला तो नसतो, नटाने धरलेला असतो.

बल्कहेड वाचवायचाच असेल तर फिटिंग बल्कहेडच्या तोंडाशी कापा, म्हणजे सॉकेटमध्ये पाइपची फक्त कडी उरेल. हॅक्सॉचं सुटं पातं घ्या, एका टोकाला कापड गुंडाळून धरा, आणि कडीला आतून दोन उभे छेद द्या. कडी कापली जाताच थांबायचं. पातं सॉकेटला लागलं तर तिथे उभी चर पडते आणि नवा जोड तिथूनच गळतो. मग पातळ स्क्रूड्रायव्हरने मधली पट्टी आत वाकवून काढा, बाकीची कडी सैल पडते. हॉट एअर गनने कडी मऊ करूनही काढतात, पण काच आणि गॅस्केट (गळती अडवणारी रबरी चकती) शेजारी असताना हे धाडस मी सुचवणार नाही, आणि पीव्हीसी जळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो.

बल्कहेड स्वतःच काचेशी पाझरत असेल तर नव्वद टक्के गोंधळ गॅस्केटचा असतो. गॅस्केट फ्लँजच्या (बल्कहेडच्या रुंद कडेच्या) बाजूला बसतं, नटाच्या बाजूला नाही. नट हाताने घट्ट करून वर पाव वळसा, एवढंच. काही बल्कहेडांच्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी कुठल्या दिशेला फिरतो ते पाहा. पान्याने आवळलेलं गॅस्केट बाजूने पसरतं आणि जास्तच गळतं.

१२. युनियन आणि आट्यांचे जोड गळतायत. तेही कापायचे?

नाही, इथे सोल्युशनचा संबंध नाही. युनियनमध्ये पाणी ओ-रिंग (रबरी कडी) अडवते. उघडा, ओ-रिंग पुसा, खोबणीतला वाळूचा कण किंवा मिठाचा खडा काढा, सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा आणि हाताने बंद करा. पेट्रोलियम जेली नको. ईपीडीएम रबराची ओ-रिंग तिने फुगते. तरीही गळत असेल तर युनियनची दोन टोकं एका रेषेत नाहीत, आणि ते आवळून जमत नाही.

आट्यांना टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, आटा ज्या दिशेने आत फिरतो त्याच दिशेने. उलट गुंडाळली तर बसवताना गोळा होऊन बाहेर येते. आट्यांना सोल्युशन लावून ‘पक्कं’ करणारे भेटतात. ते पाणीही अडवत नाही आणि पुढे उघडूही देत नाही. आतून आटे असलेलं, म्हणजे मादी आट्याचं, प्लॅस्टिक फिटिंग पान्याने जास्त आवळलं तर उभं चिरतं, तेही कधीकधी आठवड्याने.

१३. पंप चालू असताना गळत नाही, बंद केला की थेंब येतात. शिवाय टाकीत बारीक बुडबुडे येतायत.

दोन्ही तक्रारी बहुधा एकाच जोडाच्या आहेत. पंपाच्या आधीच्या, ओढणाऱ्या बाजूच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. मग तिथली फट पाणी बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेते, पंप ती हवा घुसळून पांढरे बुडबुडे करतो. पंप थांबला की तोच जोड उलट दिशेने पाझरतो. पंप चालू असताना संशयित जोडांवर एकेक करून ओलं फडकं घट्ट गुंडाळा. ज्या फडक्याने बुडबुडे थांबतील तो जोड कापायचा. साबणाचं पाणी वापरू नका. फटीतून ते आतच ओढलं जाईल.

१४. सगळं नीट केलं तरी नवा जोडही गळला. काय राहिलं?

माप आणि माल. इंची पाइप आणि मिलिमीटरचे पाइप दुकानात शेजारी असतात आणि डोळ्यांना सारखे दिसतात. एक इंची म्हणवणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो, त्याच्या जवळचा मेट्रिक पाइप ३२. पाऊण इंचीचा २६.७, मेट्रिक २५. अर्धा इंचीचा २१.३, मेट्रिक २०. दीड मिलिमीटरची फट कुठलंच सोल्युशन भरत नाही. सरकमापी (व्हर्निअर कॅलिपर) लावून बघा.

मालाचं म्हणाल तर सीपीव्हीसीला त्याचं वेगळं सोल्युशन लागतं, एबीएसला वेगळं. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनला सोल्युशन मुळी धरतच नाही, वाळल्यावर सालपट होऊन निघतं. आणि डबा बघा : सोल्युशन मधासारखं ओघळायला हवं. जेलीसारखं झालं असेल तर थिनर घालून पातळ करू नका, टाकून द्या.

१५. तोच एल्बो वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गळतोय.

मग जोड नाही, भार बघा. पाण्याने भरलेला लांब पाइप बल्कहेडवरून लोंबकळत असेल किंवा पंपाची थरथर कडक पाइपातून वर जात असेल तर जोडावर सतत ताण येतो. पाइपला स्टँडवर क्लँप द्या, पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये वीतभर लवचिक नळी टाका. आणि पाइप खेचून, वाकवून जागेवर आणून चिकटवलेला नसावा. कोरडं बसवताना तो आपणहून जागेवर येत नसेल तर लांबी चुकली आहे.

१६. व्हॅक्यूम क्लीनर लावून जोडात सोल्युशन ओढायची युक्ती खरी आहे का?

पाइप रिकामा आणि कोरडा करून आतून हवा ओढायची आणि बाहेरून पातळ सोल्युशन लावायचं. फटीतून ते आत जातं. बारीक छिद्रावर कधीकधी जमतं. पण तुम्ही पेट घेणारी वाफ ठिणग्या उडवणाऱ्या मोटरमधून ओढताय. नका करू.

१७. थेंब आपोआप थांबला. आता सोडून देऊ?

खाऱ्या पाण्यात मीठ आणि चुना जमून बारीक फट बुजते, हे खरं आहे. जोड टाकीच्या पातळीच्या वर, नजरेसमोर आणि खाली सम्प असेल तर लक्ष ठेवून सोडला तरी चालेल. खाली वीजजोडणी, लाकडी स्टँड किंवा शेजाऱ्यांचं छत असेल तर पुढच्या पाणीबदलाच्या दिवशी, पातळी तशीही खाली असताना, कापून नवा करा. तोवर प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी ठिबकेल.